कोरडी गेलेली गाडी

बेरिल ॲक्रॉइडला आगगाड्यांचं वेड कधीच नव्हतं. तिचा नवरा क्लिफर्ड एकतीस वर्षं इंजिन चालवत होता, पण तिच्या लेखी गाडी म्हणजे पहाटे चारला उठवणारी सवत. तीच बेरिल पुढे सात शरद आमच्या बार्डेनशॉच्या पादचारी पुलावर वही घेऊन उभी राहिली. तिच्या शेजारी मी होतो, म्हणून हे सांगू शकतो. मी निवृत्त पोस्टमन. गाड्यांचे नंबर टिपायचा छंद मला लहानपणापासूनचा.

झालं असं की, एका नोव्हेंबरात क्लिफर्डची सकाळची गाडी स्टेशनात थांबलीच नाही. त्यानं ब्रेक लावले, चाकं जाम झाली, तरी गाडी फलाट आणि लाल सिग्नल मागे टाकून घसरत गेली आणि पुढच्या फाटकात रूळ ओलांडणाऱ्या दूधवाल्याच्या टेम्पोवर आदळली. दूधवाला उडी मारून वाचला. गाडीतल्या एका बाईचा खुबा मोडला.

आमच्या खोऱ्यात रुळांच्या दोन्ही बाजूंना सिकॅमोरची रुंद पानांची झाडं आहेत. पानं रुळावर पडून चाकांखाली चिरडली की त्यांचा काळा, साबणासारखा थर बसतो. तो धुवायला पानगळीत एक खास गाडी फिरते. ती ज्या ठेकेदाराची होती, त्याचा इथला साहेब रोलंड गॉन्ट. चौकशीत त्यानं कागद पुढे केला: त्या दिवशी सात दहाला रूळ धुतलेले होते. रूळ स्वच्छ, तर मग चूक कोणाची? ड्रायव्हरनं उशिरा ब्रेक लावले. त्या जुन्या डब्यांत ब्रेकची नोंद ठेवणारं यंत्र नव्हतं, आणि क्लिफर्डच्या शब्दाला कागदापुढे किंमत नव्हती.

त्याला इंजिनावरून उतरवून डबे झाडायला लावलं. पबमध्ये पोरं म्हणायची, "क्लिफ, जपून, फरशी ओली आहे." त्यानं पब सोडला. मग बोलणं सोडलं. दीड वर्षात गेला.

दफन झाल्यावर बेरिलच्या घरी चहा होता. धुलाईच्या गाडीवर काम केलेला एक माणूस हातात सँडविच धरून कितीतरी वेळ तिच्याजवळ घुटमळला. शेवटी त्यानं सांगितलं की, त्या सकाळी पाणी भरायचा पंप बंद पडला होता. टाक्या रिकाम्या होत्या. गॉन्ट म्हणाला होता, गाडी गेली ना, मग रूळ धुतले असं लिहा. हे लिहून देशील का, असं बेरिलनं विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली, सँडविच तसंच ठेवलं आणि निघून गेला. सहा महिन्यांत तो मुलीकडे कॅनडाला गेला, तो कायमचा.

गेलेला दिवस सिद्ध करता येत नाही, हे बेरिलला कळलं. पण ज्याला खोटं पचतं तो पुन्हा खातो, असं ती म्हणाली. ऑक्टोबर लागला तशी ती पुलावर आली.

पहिल्याच आठवड्यात दोन इंजिनं जोडलेली एक गाडी बघून तिनं घाईनं वहीत टिपलं. मला हसू आवरलं नाही. "बेरिल, ती खडीची गाडी आहे," मी म्हणालो. "तिनं रूळ धुतले तर उद्यापासून मी मालगाडीतून टपाल मागवतो."

ती हसली नाही. "मग खरी कशी ओळखायची, ते सांग," म्हणाली.

मी सांगितलं. एक इंजिन पुढे, एक मागे, म्हणजे परतताना वळवायला नको. मधे सपाट वाघिणींवर, म्हणजे उघड्या मालडब्यांवर, पिवळ्या टाक्या. फेरीच्या क्रमांकाचा पहिला आकडा तीन. आणि चाकांपाशी फवारे. ते चालू असले की रुळांवर पांढरं धुकं उठतं आणि कढईत मासा सोडल्यासारखा आवाज येतो. दोन वर्षांत ती आम्हा सगळ्यांच्या पुढे गेली. गाडी वळणाआड असतानाच, डोळे मिटून, फवारे चालू आहेत की नाहीत ते सांगायची.

सहा शरद गाडी रूळ धुतच गेली. सातव्या शरदात, एका सोमवारी, ती कोरडी आली. ना धुकं, ना आवाज. मी फोटो काढला. बेरिल पूल उतरून फाटकात गेली. वाहनांसाठी फाटक उघडलं होतं. तिथं रस्त्यातच रूळ हाताशी येतो. तिनं वाकून पांढरा रुमाल फिरवला. काळा, चिकट, पाण्याचा थेंब नाही. रुमाल पाकिटात, पाकिटावर तारीख आणि माझी सही.

"आजच कळवू," मी म्हणालो. "गाड्या घसरतील."

"एका दिवसाला तो चूक म्हणेल," ती म्हणाली. "तीन दिवसांना काय म्हणणार?"

मंगळवारीही गाडी कोरडी, बुधवारीही. मी दोन्ही दिवस सही केली, हे लपवत नाही.

बुधवारी दुपारी प्रवासी गाडी फलाट सोडून घसरत गेली आणि फाटकाच्या वीसेक पावलं अलीकडे थांबली. कोणाला काही झालं नाही. ड्रायव्हर तरुण बाई होती, तिला स्टेशनातल्या बाकावर बसवलं होतं. बेरिल तिच्याजवळ बसली. "तुझी चूक नाही," म्हणाली, "आणि या वेळी माझ्याकडे पुरावा आहे."

त्याच संध्याकाळी वह्या, फोटो आणि तीन रुमाल तपासनिसांकडे आणि वर्तमानपत्राकडे गेले.

सुनावणीच्या आधी गॉन्ट तिच्या दारात आला. मी आतच होतो. त्यानं टोपी काढली नाही.

"सोमवारीच तुम्हाला ठाऊक होतं, मिसेस ॲक्रॉइड. बुधवारच्या गाडीत चाळीस माणसं होती. तुम्ही तीन दिवस नुसत्या बघत उभ्या राहिलात."

"राहिले," ती म्हणाली. "हे तुमच्याकडूनच शिकले." आणि दार लावलं.

त्या तिन्ही दिवसांच्या कागदांवर रूळ धुतल्याचीच नोंद निघाली आणि गॉन्टची नोकरी गेली. त्याच्या जुन्या नोंदीही उकरल्या गेल्या आणि क्लिफर्डवरचा ठपका पुसल्याचं पत्र आलं. बेरिलनं ते एकदाच वाचलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. तिला ते पत्र पुरलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

गॉन्टला पुढे शेजारच्या गावी रोपांच्या दुकानात काम मिळालं, गल्ल्यावर. बेरिल दर गुरुवारी मला माझी मोटारगाडी काढायला लावायची. दुसरा गल्ला मोकळा असला तरी त्याच्याच रांगेत उभी राहायची आणि डॅफोडिलच्या फुलांचे, लावायचे कांदे घ्यायची, एकच पुडी. तो मान खाली घालून "आभारी आहे, मिसेस ॲक्रॉइड" म्हणायचा. ते ऐकूनच ती हलायची. कांदे तिनं कधी लावले नाहीत, तिच्याकडे बाग नव्हतीच.

असं दोन वर्षं चाललं. शेवटी त्याची ती खाली घातलेली मान मला बघवेना. मी तिला म्हणालो, माझ्या गाडीचा क्लच गेलाय.

"हरकत नाही," ती म्हणाली. "साडेदहाची बस आहे."