दुभाजकातला कट

माझ्या सासूचं कौतुक मी तिच्या तोंडावर कधी केलं नाही आणि करणारही नाही. एकदा केलं की डोक्यावर मिरे वाटेल. पण ती वाचत नाही, म्हणून इथे बिनधास्त सांगते.

आमचं गाव सुकापूरच्या पुढे. गाव अलीकडे, शेती रस्त्यापलीकडे. ती शेती गेली आणि तिथे टॉवर उभे राहिले. आमच्या घराला उरला तो टॉवरांच्या पुढ्यातला, रस्त्याला लागून असलेला भाजीचा एक तुकडा. सासू त्यात मुळा लावायची, माठ लावायची, थंडीत वाल. सकाळी भाजी खुडून पाटी डोक्यावर घ्यायची आणि तिथूनच बस पकडून पनवेलच्या बाजारात. बिल्डरची माणसं गाडी घेऊन यायची, काचा खाली करून आजी आजी करायची. ती विचारायची, "मुळा पायजे काय? नाय ना? मंग चालू पडा."

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. चांगलंच झालं म्हणा, आम्हालाही रस्ता नको होता असं नाही. पण मधोमध दुभाजक, आणि आमच्या गावासमोर त्याला कटच नाही! पलीकडे जायचं तर पार पुलापर्यंत चालायचं, वळसा घालायचा, आणि तेवढंच उलटं यायचं. पोरांची शाळा पलीकडे, दवाखाना पलीकडे, बस पलीकडे. ज्याने तो आराखडा काढला तो बाबा आयुष्यात कधी गाडीतून खाली उतरला नसावा.

लोकांच्या हरकती ऐकायला सुनावणी ठेवली होती. गावातले पुरुष म्हणाले, आम्ही जाऊन बोलतो. सासू उसळली. "तुमी मोटारसायकलीवर फिरनारे. तुमाला काय ठावं? पाटी आमच्या डोक्यावर हाय." झालं, आम्ही बायकाच निघालो. मी माहेरची शिरढोणची, इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या क्रांतिकारकाच्या गावची. आमच्याकडे सरकारपुढे मान वर करून बोलायची जुनी सवय आहे, त्यामुळे मला तर चेवच चढला होता.

साहेब तरुण होता, बोलायला गोड. उठून खुर्ची दिली. "बसा आजी. चहा घेणार ना?"

"हरकत नाय," सासू म्हणाली. चहा आला तसा तिने बशीत ओतला.

"रस्ता तुमच्यासाठीच करतोय आम्ही. मोठा झाला तर चालेल ना?"

"हरकत नाय."

"झालं तर मग!" साहेब कारकुनाला म्हणाला, "या गावाची हरकत नाही. पुढच्या गावाला बोलवा."

सासरच्या आमच्या गावची रीतच आहे, समोरच्याने काही विचारलं की आधी "हरकत नाय" म्हणायचं, मग निवांत मुद्द्यावर यायचं. आल्या आल्या नाही म्हणणारा माणूस उद्धट. आता ही माणुसकी त्या कचेरीत नेमकी आमच्याच अंगाशी आली! मी सासूचा पदर ओढला. "आई, अहो आपली हरकत आहे! तीच सांगायला आलोय ना आपण!"

तिने बशी टेबलावर अशी ठेवली की चहा हिंदकळला. "ओ सायब, थांबा. रस्त्याला हरकत नाय. च्याला हरकत नाय. पन तुमी गाव हिकडं नि बस तिकडं तोडून ठेवली, त्याला हरकत हाय. लिवा. मोट्या अक्षरात लिवा."

सगळी खोली हसली. पुढच्या गावचे लोक दारात उभे होते, तेही हसले. साहेबाचे कान लाल झाले, पण माणूस वाईट नव्हता. त्याने नकाशा आमच्याकडे फिरवला. म्हणाला, "आजी, कट दिला की सिग्नल आला. सिग्नलजवळ बस रस्त्यातच थांबली तर मागे सगळं तुंबणार. बस आत घ्यायला जागा पाहिजे. आणि तिथली जागा खासगी आहे." कोणाची ते त्याला नकाशात दिसत होतं. त्याच्या तोंडून मात्र निघत नव्हतं.

सासरे गेल्यावर तो भाजीचा तुकडा सासूने एकटीने राखला होता. पोटच्या पोराला सुद्धा तिथे गाडी लावू दिली नव्हती. मी हळूच म्हटलं, "आई, नका हो." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"माजी हाय," ती साहेबाला म्हणाली. "घ्या. पन कट आदी."

परत येताना रिक्षात मीच रडले. ती उलट माझ्यावरच खेकसली, "रडतंस कशाला गो? मी काय मेले?" अभिमानाने माझा ऊर भरून आला होता, पण तेव्हाही मी तिला काही बोलले नाही. माझंही तोंड नको तिथेच चालतं.

कट झाला. सिग्नल लागला. दिवा लाल झाला की ट्रक, डंपर, लांबलांब गाड्या उभ्या राहतात आणि आमचं गाव त्यांच्यासमोरून सावकाश पलीकडे जातं. सासू तर मुद्दाम सावकाश जाते. भाजी आता ती मार्केटातून विकत घेऊन विकते आणि "हिला चव नाय बरं" असं गिऱ्हाइकाला स्वतःच सांगते. धंदा कसा होतो देव जाणे.

परवा आम्ही दोघी थांब्यावर उभ्या होतो. टॉवरमधली एक बाई मुलाला शाळेत सोडायला निघाली होती. तिने सहज विचारलं, "आजी, तुमची इथे जमीन होती म्हणे. नक्की कुठे हो?"

तेवढ्यात बस वळून आत आली आणि रस्त्याच्या कडेला नीट उभी राहिली. मागची एकही गाडी अडली नाही.

सासूने हात केला. "ती बस उबी हाय ना? तिच्या खाली."

आणि पाटी सावरत, सगळ्यांना कोपराने बाजूला सारत, तीच आधी चढली.