वाघमुखी प्लॉटचं तोंड

वसराम आमच्याच तांड्यातला, माझ्या बरोबरीचा. त्याची तारीफ करायला बसलो न्हाई मी. गोड बोलून समोरच्याला घोळात घ्यावं तर त्यानंच. १९९९ला हिंगोली जिल्हा झाला, गावाबाहेरच्या शेतांत चुन्याच्या रेघा पडल्या, अन् वसराम टेप घेऊन प्लॉट मोजायला अन् विकायला लागला.

प्लॉटमध्ये आकाराला मोल असतं, बाबा. रस्त्याकडं अरुंद अन् मागं रुंद, तो गोमुखी. घरासाठी लोक त्याला वरचा भाव देतात. रस्त्याकडं रुंद अन् मागं निमुळता, तो वाघमुखी. दुकानाला चालतो, पण घर बांधायला फुकट दिला तरी कोणी घेत न्हाई.

असाच एक वाघमुखी प्लॉट दोन वर्षं पडून होता. रस्त्याकडं चाळीस फूट, मागं वीस. डोंगरकडा गावचे देविदासकाका अन् त्यांची बायको रुख्मिणीबाई, पोटी लेकरू न्हाई, होतं ते शेत विकून हिंगोलीत घर बांधायला आले. या भाद्दरानं त्यांना मागच्या नाल्याकडून आत नेलं. म्हणला, "काका, हे तोंड. हिकडूनच मोठा रस्ता निघून राहिला. गाय हाय गाय!" काकांनी गोमुखीचा भाव दिला. रस्ता काही निघाला न्हाई. शेवटी दार पुढच्या रुंद बाजूलाच काढावं लागलं.

घरात गेल्यावर वर्षाच्या आत काका वारले. दोन महिन्यांनी रुख्मिणीबाईनं वसरामला बोलावलं, मी पण सोबत गेलो. ती म्हणली, "मागची खोली आवळून राहिली रे. बाज आडवी बसायची, आता बसत न्हाई." मला हसू आलं. वसरामनं टेपचं एक टोक तिच्या हातात देऊन मागची भिंत बाहेरून मोजली. कागदावर वीस, टेपवर एकोणीस. महिन्यानं पुन्हा मोजली, तर साडेअठरा. आकडा मी माझ्या डोळ्यांनी वाचला. खरं सांगतो, भ्यालो मी.

"इकून टाका हे घर, मावशी," मी म्हणलं.

"वाघाचं घर कोण घेईल? शेत गेलं, मालक गेले. मला दुसरं छप्पर न्हाई." मग ती वसरामकडं वळली. "शेवटच्या आठवड्यात मालक दिवसभर या भिंतीवर आतून हात फिरवायचे. म्हणायचे, दार इथंच व्हतं, वसरामनं दाखवलं व्हतं. काहून सापडत न्हाई?"

वसरामनं टेप तिच्या पायापाशी ठेवला. "मावशी, तोंड मीच फिरवलं. लबाडी केली."

म्हातारीनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बराबरच केलं, मी मधी पडलो न्हाई. शिव्या संपल्यावर डोळे पुसून म्हणली, "दाखवलं व्हतंस तिथं दार काढून दे."

वसरामनं गवंडी लावला न्हाई. आठ दिवस खपून स्वतः मागची भिंत फोडली, चौकट बसवली अन् पुढचं दार विटांनी बुजवलं. घराचं तोंड आता अरुंद बाजूला आलं, म्हणजे गोमुखी झालं.

काम संपलं त्याच दिवशी, ऊन कलायच्या आत, तो माझ्या अंगणात आला. तोंडावर रक्त न्हाई.

"नरसिंग, भिंत मोजली. बराबर वीस फूट."

"मग चांगलं झालं की!"

"मधी फोडलेल्या विटांचा ढीग व्हता. मी 'धरा मावशी' म्हणून टोक पलीकडं टाकलं. टेप ताठ झाला. आकडा वाचून म्हणलं, 'सोडा.' सुटला. अन् तेवढ्यात मावशी चहा घेऊन आतून आली."