बाईंच्या नंबराच्या काचा

चष्मेवाल्यांना समुद्राची चटक लावली ती त्यांच्या गिऱ्हाइकांनी. समुद्रात बुड्या मारणाऱ्यांचा एक गट होता. पाण्याखाली घालायच्या मास्कमध्ये नंबराच्या काचा बसवून घ्यायला ही मंडळी यांच्याच दुकानात येत. काचा बसेस्तोवर गप्पा, आणि गप्पांत ऑक्टोपस. ऐकून ऐकून चष्मेवाले इतके चेकाळले की ऐन पन्नाशीत पोहायला शिकले. बायको म्हणाली, बादलीत आधी बोट बुडवून बघणारा माणूस, आता रात्रीचा समुद्र बघायला निघालाय.

रात्रीची फेरी ठरली तेव्हा गटाने यांनाही बोलावलं. सिलिंडरवाले खाली जाणार, बाकीचे तोंडात नळी धरून वरच तरंगणार. मात्र एकट्याने तरंगायचं नाही, जोडी हवीच. यांची जोडी लागली गटातल्याच एका बाईंशी. या बाईंनी चौथीत यांना अपूर्णांक शिकवले होते. आता त्या निवृत्त. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून त्याही खोल न जाता वरच तरंगत. गुडघ्यांचं ऑपरेशन तोंडावर आलेलं, आणि त्यानंतर पाण्यात कधी उतरता येईल ते डॉक्टरही सांगेनात.

दोघांच्या डोळ्यांचा नंबर अगदी एक. बाई म्हणत, आपलं रक्ताचं नसलं तरी नंबराचं नातं आहे. मास्कच्या काचा दोघांसाठी मागवल्या होत्या, आल्या एकाच्याच. बाईंच्या जुन्या काचा तडकलेल्या, त्यांनीच आधी सांगून ठेवलं होतं, म्हणजे त्या बाईंच्याच. चष्मेवाल्यांनी त्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या, काढल्या, पुसल्या, परत ठेवल्या, आणि शेवटी स्वतःच्या मास्कमध्ये बसवून टाकल्या. बाईंनी आयुष्यभर पाहिलंय, आपली पहिलीच वेळ, अशी स्वतःची समजूतही घातली. बाईंना फोनवर सांगितलं, काचा अजून आल्याच नाहीत, मी दुकानात पडलेल्या कमी नंबराच्या काचांवर भागवतो. बाईंनी उलट यांचीच समजूत काढली. तू तरी काय करणार बाबा, मी येते तशीच, तू बघ आणि मला सांग.

चष्मेवाल्यांनी दोनदा बिचकून शेवटी पाण्यात तोंड घातलं. मग टॉर्च खाली धरला. खडकाच्या फटीत एक मासा उघड्या डोळ्यांनी झोपला होता. एक खेकडा कोणाची तरी वाट अडवून उभा होता. सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं की यांना चोरासारखं झालं.

दोघं डोकं वर काढून खुणेसाठी सोडलेल्या तरंगत्या फुग्याला धरत. बाई विचारत, काय होतं रे? हे सांगत. मासा होता. बाई म्हणत, नीट सांग, निबंधात सगळंच सुंदर लिहायचास, तसं नको. हे खवले सांगत, रंग सांगत, आणि सांगता सांगता घसा कोरडा पडे. समुद्रात, मानेपर्यंत पाण्यात, घसा कोरडा.

तेवढ्यात खालच्या एका सिलिंडरवाल्याने टॉर्च हलवून बोलावलं. ऑक्टोपस. चष्मेवाल्यांच्या डोळ्यांदेखत तो तपकिरीचा लाल झाला, लालचा पांढरा. शेजारी बाई कधी इकडे, कधी तिकडे टॉर्च फिरवत होत्या. वर आल्यावर नळी काढून हसल्या.

"मला आपला खडकच दिसतोय रे. भिजलेल्या पोत्यासारखा."

त्या चिडल्या असत्या तर चष्मेवाल्यांनी निभावून नेलं असतं. पण त्या हसल्या. यांनी मास्क ओढून काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"हा घाला बाई."

"अरे, मग तू?"

"घाला ना."

बाईंनी मास्क बदलला, तोंड पाण्यात घातलं आणि तशाच राहिल्या. चष्मेवाले दोन्ही हातांनी फुगा धरून लटकले. सगळे टॉर्च एकमेकांत विरघळलेले, किनारा कुठे आणि आभाळ कुठे कळेना. एवढंच कळत होतं, की बाईंना आता कळलंय.

बऱ्याच वेळाने बाईंचं डोकं वर आलं.

"माझ्याच काचा ना या?"

"हो बाई."

पुढचं सांगायला यांनी तोंड उघडलं. पहिलीच वेळ होती, मोह झाला, वगैरे. बाईंनी हात वर केला. वर्गात करायच्या तसाच.

"तो अजून तिथेच आहे," त्या म्हणाल्या. "तू फुगा सोडू नकोस."

नळी तोंडात धरून त्या पुन्हा पालथ्या झाल्या. किनाऱ्यावरून कोणीतरी, चला आता, म्हणून हाका मारत होतं. चष्मेवाल्यांनी आंधळेपणानेच तिकडे तोंड करून ओरडून सांगितलं, थांबा, बाईंचं बघून व्हायचंय.