पंचेचाळीस इंच कोणी सांगितले

"पोन्नम्मा, फडकं आण. कीबोर्ड पुसून घे."

एवढंच म्हणाला तो. माझ्याकडे न बघता. त्याआधी माझा हात त्याने माउसवरून उचलला होता. पेन्सिलीच्या टोकाने. बोट लावलं नाही.

समोर मद्रासहून आलेली दोन गिऱ्हाइकं बसली होती. थोरले मुदलाळी, म्हणजे आमचे मालक, त्याचे वडील, कोपऱ्यात पेपर वाचत होते. झाडलोट करणारी पोन्नम्मा ओलं फडकं घेऊन आली. माझी बोटं जिथे लागली होती तिथे तिने पुसलं. मग माउस पुसला. मी तिथेच उभी. तिने मान वर केली नाही.

"शिंप्याची मुलगी ना तू?" तो म्हणाला. "तुझा हात सुईदोऱ्याला बरा. हे यंत्र आहे."

एक गिऱ्हाईक हसलं. दुसरं भिंतीकडे बघायला लागलं. पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची. तो सव्वीसचा. तमिळमध्ये माझ्या वयाच्या बाईला कोणी 'तू' म्हणत नाही. त्याने म्हटलं. एकोणीस वर्षं मी त्या ऑफिसात टायपिस्ट होते. तो चड्डीत फिरायचा तेव्हापासून.

शिंप्याची मुलगी, हे खरं आहे. आमचे पूर्वज मराठ्यांच्या काळात तंजावरला आले, फौजेचे तंबू शिवायला, असं घरात सांगतात. मराठी घरात राहिली. बाहेर सगळं तमिळ. वडिलांचं दुकान ऑफिसच्याच गावी, कुंभकोणमला होतं. अक्षरं शिकायच्या आधी मी पाव इंच शिकले. त्यामुळे आकडा चुकला की मला दिसतो. त्या दिवशी मी त्या यंत्राला हात लावला तो चुकलेला आकडा दाखवायलाच.

तो आकडा कसा चुकला ते नीट सांगते.

आमचं ऑफिस पंचधातूच्या मूर्तींची ऑर्डर घ्यायचं. मूर्ती स्वामीमलैला आचारी, म्हणजे तिकडचे मूर्तिकार, ओतायचे. ऑर्डरचं पत्र आलं की मी सेंटिमीटरचे इंच करायची, पेन्सिलीने, आणि एक चिठ्ठी टाइप करायची. चिठ्ठीवर तीन आकडे. पीठ म्हणजे खालची बैठक, अंग, आणि किरीट म्हणजे मुकुट. अंग म्हणजे पावलापासून केसांच्या कडेपर्यंत. मुकुट त्यात धरत नाहीत. आचारी नारळाच्या पात्याची पट्टी अंगाच्या उंचीएवढी कापतात आणि तिच्या घड्या घालतात. त्या घड्यांवरून चेहरा, छाती, मांडी, सगळं ठरतं. मुकुट आणि पीठ नंतर, त्याच प्रमाणात. म्हणून आचारींना एकच आकडा सांगितला तर ते तो अंगाचा धरतात. त्यांचे आजोबाही तसंच करत.

मलेशियातल्या एका तमिळ देवळाला मुरुगन, म्हणजे कार्तिकस्वामी, हवा होता. पत्रात लिहिलं होतं, कोनाडा एकशे वीस सेंटिमीटर, वर हारासाठी सहा सोडा. राहिले एकशे चौदा. मी चिठ्ठी केली. पीठ आठ इंच, अंग तीस, किरीट साडेसहा. एकूण साडेचव्वेचाळीस इंच, म्हणजे एकशे तेरा सेंटिमीटर आणि किंचित वर. बसतो.

चिन्न मुदलाळी, म्हणजे हा मुलगा, नुकताच मद्रासहून कंप्युटरचा कोर्स करून आला होता. त्याने चिठ्ठी बाजूला सारली.

"आता हे कागद नकोत. माझ्याकडे सॉफ्टवेअर आहे."

पडद्यावर पिवळं पान होतं, कोपऱ्यात फूटपट्टीचं चित्र. त्याने एकशे चौदा टाकले. चव्वेचाळीस पूर्णांक अठ्ठ्याऐंशी आले. त्याने पंचेचाळीस केले, स्वामीमलैला फोन लावला, "पंचेचाळीस इंच" म्हणाला आणि ठेवला.

मला हा फोन ठाऊक नव्हता. मी पोस्टात गेले होते.

दोन महिन्यांनी आचारींची धातूची मागणी आली. मेणाच्या मूर्तीच्या वजनावरून ते धातू मागतात. मी धरलं होतं त्याच्या तिपटीहून जास्त. मी बसने स्वामीमलैला गेले. शेडमध्ये मेणाचा मुरुगन उभा होता. माझ्याहून उंच. मी पिशवीतून टेप काढली. पावणेसदुसष्ट इंच.

"छोट्या मुदलाळींनी पंचेचाळीस सांगितलं, अक्का," आचारी म्हणाले. "मला वाटलंच, एवढा मोठा कशाला. विचारलं, तर म्हणाले कंप्युटरचा आकडा आहे."

"थांबवा."

"तुमच्या शब्दावर कसं थांबवू? ऑफिसातून निरोप येऊ द्या. एक आठवडा मेणावर साच्याची माती लावत नाही. बस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिन्न मुदलाळीकडे गेले. आकडा दाखवायला म्हणून माउसवर हात ठेवला. पुढचं वर लिहिलं आहे.

आता माझं लिहिते. त्या दिवशी मी खुर्चीवर जाऊन बसले आणि टाइप करत राहिले. संध्याकाळपर्यंत अकरा पत्रं. दुसऱ्या दिवशीही तोंड उघडलं नाही. तिसऱ्याही. आत काहीतरी म्हणत होतं, होऊ दे, ओतू दे, दिसू दे जगाला. आठवडा संपला. स्वामीमलैला माती लागली. मी निरोप पाठवला नाही. नुसतं थोरल्या मुदलाळींना सांगितलं असतं तरी चाललं असतं. नाही सांगितलं. ही चूक माझी. ती कोणी माझ्यावर लादलेली नाही.

पंधरा दिवसांनी, एका शनिवारी, मी ब्राउझिंग सेंटरची पायरी चढले. मला बघायचं होतं, माझ्या हाताने बाटतं ते आहे तरी काय.

सेंटर एका निवृत्त तारमास्तरांचं. घराच्या पुढच्या खोलीत चार कंप्युटर, मध्ये प्लायवूडच्या आडभिंती. तीनवर कॉलेजची मुलं. त्यातला एक मला बघून म्हणाला, "आंटी, इथे पत्रिका जुळवत नाहीत."

तारमास्तर म्हणाले, "बसा अम्मा. इथे सगळं फुकट आहे. फक्त तासाचं भाडं माझं."

मी फुकटवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आधी ई-मेलची पत्रपेटी उघडायला घेतली. तिने वय, धंदा, गाव विचारलं. मग लांबलचक करार दाखवला आणि खाली 'मान्य' असं बटण. मी करार वाचायला लागले. तारमास्तर येऊन मागे उभे राहिले.

"अम्मा, हे कोणी वाचत नाही."

"मग सही कशी करतात?"

ते हसले नाहीत. मुलांकडे वळून म्हणाले, "ऐकलं का रे?"

बत्तीस मिनिटं लागली. पेटीसाठी माझं नाव आधीच कोणीतरी घेतलेलं होतं. मी पुढे २५४ जोडलं. एका इंचात सेंटिमीटर किती, ते, टिंब सोडून. विसरणार नाही असा तोच एक आकडा.

मग मी दर शनिवारी जायला लागले. वहीत लिहायची, कोणतं पान काय करतं. एक पान तारखेची आठवण करून द्यायचं. दोनदा बरोबर केली, तिसऱ्यांदा एक दिवस उशिरा. खूण केली, भरवसा नाही. एक पान फोटो लहान करायचं. एक पान इंग्रजीचं फ्रेंच करायचं, ते मला तपासता येईना, सोडलं. चुका माझ्याही झाल्या. एकदा आत्येबहिणीसाठी लिहिलेलं पत्र मी स्वतःलाच पाठवलं आणि उत्तराची वाट बघत बसले.

तिसऱ्या शनिवारी तारमास्तर म्हणाले, "मापं बदलायचं पान बघितलं का?" आणि एक पत्ता टाइप करून दिला.

पिवळं पान. कोपऱ्यात फूटपट्टी.

मी बघत राहिले. तेच. त्याचं सॉफ्टवेअर. ज्याच्यावरून माझी बोटं पुसून काढली ते हे. कुंभकोणमच्या गल्लीतल्या प्लायवूडमागे, जो बसेल त्याचं. माझंही. पत्रिकेची चेष्टा करणाऱ्या त्या मुलाचंही. हवं तर पोन्नम्माचंही.

मी एकशे चौदा टाकले. चव्वेचाळीस पूर्णांक अठ्ठ्याऐंशी. पेन्सिलीने ताडून पाहिलं. बरोबर. आणखी दहा आकडे टाकले. सगळे बरोबर. पान खोटं बोलत नव्हतं. मुकुट धरायचा की नाही, पीठ धरायचं की नाही, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. ते माहीत असलेली माणसं दोन. एक स्वामीमलैला, एक टाइपरायटरमागे. दोघांना विचारणं त्याला कमीपणाचं वाटलं.

मला राग यायला हवा होता. आधी लाज वाटली. एका फुकटच्या पानाला भिऊन मी गप्प बसले होते. तोवर मूर्ती ओतून झाली होती.

मूर्तीची पेटी बोटीने गेली. सहा आठवड्यांनी देवळाचं पत्र आलं. मूर्ती कोनाड्यात तर नाहीच, गाभाऱ्याच्या दारातूनही उभी जात नाही. कुंभाभिषेकाचा, म्हणजे प्रतिष्ठापनेचा, दिवस ठरलेला. चूक कोणाची, ते लेखी कळवा.

चिन्न मुदलाळीने मला बोलावलं. थोरले मुदलाळी कोपऱ्यात होते. पेपर होता.

"लिहून घे," तो म्हणाला. "आमच्या टायपिस्टकडून माप चुकीचं टाइप झालं. तिला समज देण्यात आली आहे. खाली तिची सही."

मी पॅडवर पेन्सिल टेकवली नाही.

"मी टाइप केलेलं माप साडेचव्वेचाळीस आहे. कार्बन कॉपी फाइलला आहे. तारखेचा शिक्का आहे."

"कॉपी कोण बघतंय मलेशियाहून? सही कर. नोकरी राहील. तुझं काय जातंय?"

"नाव जातंय."

तो हसला. "टायपिस्टचं नाव?" मग खांदे उडवून म्हणाला, "बरं, तुझं नको. आचारीचं लिही. त्याला कुठे इंग्रजी वाचता येतं?"

हे तो सहज बोलला. चहा नको तर कॉफी आण, अशा आवाजात. तिथे माझं काहीतरी तुटलं, आणि काहीतरी जागेवर बसलं. माझी सही ही एवढीच गोष्ट नव्हती. मी सरकले की तिथे दुसरं नाव बसणार होतं. खालचंच. कायम खालचंच.

मी थोरल्या मुदलाळींकडे बघितलं. "अय्या, तुम्हीच मला कामाला ठेवलंत. तुम्ही सांगा."

ते म्हणाले, "मुलगा बघतो आता सगळं." आणि चष्मा पुसायला लागले.

मी जागेवर गेले. पत्र टाइप केलं. पंचेचाळीस हा आकडा फोनवरून कोणी सांगितला. आचारींनी तो अंगाचा का धरला. तीन आकड्यांची चिठ्ठी कोणत्या तारखेची. आणि शेवटी, मेणाची मूर्ती मी मोजली होती, मला चूक कळली होती, तरी मी आचारींना निरोप पाठवला नाही. कागद त्याच्यापुढे ठेवला.

"ह्याच्याखाली सही करते."

त्याने वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. मग चार तुकडे केले.

"तुझं हे पत्र जाणार कुठून? मेल माझ्याकडे आहे."

मी देवळाच्या पत्रावरचा मेलचा पत्ता उतरवून घेतला, फाइलमधून कार्बन कॉपी काढली. पिशवीत ठेवली. पावणेपाचला ऑफिसातून निघाले. पाच वाजायच्या आधी निघण्याची एकोणीस वर्षांतली पहिली वेळ.

तारमास्तरांनी चिठ्ठी स्कॅन करून दिली. ती इतकी मोठी झाली की पत्रपेटी घेईना. फोटो लहान करायचं पान उघडलं. पहिल्यांदा आकडे पुसट झाले, आठाचा तीन दिसायला लागला. नको. दुसऱ्यांदा थोडी मोठी ठेवली. आठ, तीस, साडेसहा. स्वच्छ. लाइन दोनदा तुटली. दोन्ही वेळा मी पत्र पहिल्यापासून टाइप केलं. माझी चूक होती ती ओळ दोन्ही वेळा लिहिली. गाळावीशी वाटली नाही असं नाही.

"पाठवू का, अम्मा?" तारमास्तरांनी विचारलं. त्यांचा हात माउसजवळ होता.

"मी पाठवते."

घरी साक्कोट्टैला पोचले तेव्हा नवरा ओसरीवर शिकवणीची मुलं घेऊन बसला होता. मुलं गेल्यावर मी सहीची मागणी सांगितली. त्याने विचारलं, "सही केलीस कीं नाहीं?"

"नाहीं."

"मग उद्यां कोठें जाणार?"

"ऑफिसांत. हाकलूं दे. आपण होऊन सुटणार नाहीं."

दुसऱ्या दिवशी नऊला गेले. माझ्या टेबलावरून टाइपरायटर उचलला होता. चिन्न मुदलाळी म्हणाला, "तुमचं काम संपलं." तुमचं म्हणाला. मी म्हटलं, लिहून द्या, कारण घालून. त्याने दिलं नाही. मी दुपारपर्यंत खुर्चीवर बसले आणि उठून आले.

आचारींना मी सगळं वाचून दाखवलं, तमिळमध्ये, ओळ न ओळ. माझ्या चुकीची ओळ आली तेव्हा त्यांनी पट्टीची घडी घालायचं थांबवलं. "एक आठवडा थांबलो होतो, अक्का," एवढंच म्हणाले.

देवळाकडून नवव्या दिवशी उत्तर आलं. माझ्या पेटीत. आपलं पत्र मिळालं, मात्र याबाबत आम्ही फर्मच्या मालकांशीच पत्रव्यवहार करू.

मी प्लायवूडमागे बसून ते दोनदा वाचलं. मग उत्तर लिहिलं. मालक काय लिहितील ते मालक जाणोत. मी मोजलेलं मी लिहिलं आहे. त्यातला कोणताही आकडा विचारा, मी उत्तर देईन. आचारींचं नाव चुकीखाली आलं, तर मी पुन्हा लिहीन. त्या पत्राचं उत्तर आलं नाही.

आता मी दुसऱ्यांची पत्रं टाइप करते. तारमास्तरांच्या सेंटरमध्ये, दरवाज्याजवळच्या कंप्युटरवर. अर्ज, मापं, तक्रारी. लोक येतात आणि म्हणतात, अम्मा, थोडं सौम्य लिहा, मोठी माणसं आहेत. मी विचारते, झालं काय ते सांगा. जे झालं ते लिहिते. दुसऱ्याची चूक स्वतःच्या नावावर घ्यायला कोणी आलं तर टाइप करत नाही. उठवते त्याला. सांगते, घरी जा, ज्याने केलं त्याला पाठव. आणि स्वतःची चूक लपवायला आलेल्यालाही उठवते. त्याच खुर्चीवरून.