अण्णांच्या स्कूटरचा झेंडू

अण्णा, म्हणजे माझे वडील, श्रावणात गेले आणि आईचं झेंडूशी वाकडं आलं. तिरडीवर झेंडू एवढा होता की त्यांचा चेहरा तेवढा दिसत होता. आमच्या मल्लेश्वरमच्या रस्त्यानं लोक वाटभर पाकळ्या उधळत गेले. त्यानंतर कुठंही तो वास आला की आई पदर नाकाला लावायची आणि रस्ता बदलायची.

दसरा आला तसं मला घरात बसवेना. आयुधपूजेला आमच्या गावात रिक्षा, बस, पिठाची गिरणी, सगळ्यांच्या गळ्यात झेंडू. आमच्या गेटाआड अण्णांची स्कूटर मात्र धूळ खात उभी. दरवर्षी ते स्वतः तिला धुऊन हार घालायचे. "यंदा सण नाही," म्हणून आईनं विषय संपवला. सण नको, कबूल. पण ती गाडी अशी बोडकी बघवत नव्हती. हा शब्द मनात आला आणि माझी मलाच चीड आली. माणूस गेलं की त्याच्या वस्तूंनीही सुतक पाळायचं का?

शेवटी चप्पल अडकवली आणि बाजार गाठला. फूलवालीनं हातावर हार मोजता मोजता कानडीत विचारलं, "पूजेला की फोटोला, अक्का?"

"गाडीला," म्हटलं.

घरी येऊन हार हँडलला बांधला. तो लांब होता, पुढच्या सीटवर लोळत राहिला. वास अंगणभर झाला. मागं वळले तर आई दारात. आता पदर नाकाला जाणार, म्हणून मी मान खाली घातली.

"लिंबं कुठायत?" ती म्हणाली.

चाकांखाली लिंबं ठेवून गाडी त्यांवरून न्यायची, ही इथली रीत. मी विसरलेच होते. अण्णा चालवायचे, आई मागं बसायची. आम्हा दोघींना गाडी चालवता येत नव्हती. आईनंच आतून लिंबं आणून चाकांपुढं ठेवली. मी स्टँड काढून गाडी धरली, तशी ती नेहमीसारखी मागच्या सीटवर एका बाजूला पाय करून बसली.

"ढकल की. स्वल्प, जरा जोरानं."

मी जोर लावला. लिंबं फुटली, गाडी हिंदकळली. तोल सावरायला तिनं सवयीनं पुढं, अण्णांचा खांदा असायचा तिथं, हात टाकला. हात खाली सीटवर आला आणि त्याला हार लागला. तोच तिनं घट्ट धरून ठेवला.