छत्तीस मिनिटं आत्याची

माझी आत्या गणित शिकवते, आणि माझ्याच शाळेत शिकवते. घरी ती आत्या, वर्गात बाई, जिन्यात नेमकं काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बावीस वर्षं तिचा सूर एकच: "तर मुलांनो, भागाकार आला की काय करायचं? दुसरा अपूर्णांक उलटा करायचा. उलटा करून काय करायचं? गुणायचं. समजलं? समजलं." प्रश्न तिचा, उत्तर तिचं, समजायचंही तिलाच.

मी सातवीत असताना मुख्याध्यापक सरांनी तिला ऑनलाइन प्रशिक्षणाला बसवलं. "काय आहे बाई, वरून आलंय. पूर्ण नाही झालं तर, काय आहे, सातवीचं गणित नव्या सरांकडे आणि तुम्ही कार्यालयात." कार्यालयात म्हणजे दिवसभर दाखल्यांवर शिक्के मारायचे. त्या दिवशी आत्या जेवताना गप्प होती. आमच्या घरात असं कधी कोणी पाहिलं नव्हतं.

प्रशिक्षणात दर आठवड्याला एक तास रेकॉर्ड करून चढवायचा होता. मग पडद्यावर एक गोल यायचा: बाई किती बोलल्या, मुलं किती बोलली, शांतता किती. शेवटच्या तासाला मुलांचा वाटा निम्म्याहून जास्त हवा. पहिल्या गोलात चाळीस मिनिटांपैकी छत्तीस आत्याची.

"मग मुलं चार मिनिटं काय बोलली?" बाबांनी विचारलं. ते तिचे धाकटे भाऊ.

"हजर बाई."

लॅपटॉपमधल्या मार्गदर्शक ताईंचा आवाज पाकात बुडवलेला. "खूऽप छान. आता आपण ना, थोडंसं कमी बोलून बघूया, हं?"

आत्या पुढच्या तासाला बोललीच नाही. सगळं फळ्यावर लिहिलं, आम्ही मुकाट उतरवून घेतलं. घसा बसलाय असं वाटून कोणीतरी टेबलावर खोकल्याची गोळी ठेवली. गोलात शांतता अडतीस मिनिटं.

"खूऽप छान प्रयत्न. पण शांतता म्हणजे मुलं नव्हेत, हं? मुलांना विचारा, तू हे कसं काढलंस?"

म्हणून तिसऱ्या आठवड्यात ती पहिल्या बाकापाशी गेली. "कसं काढलंस?"

"चुकलं बाई," म्हणत मुलाने उत्तर खोडलं. उत्तर बरोबर होतं. दुसऱ्यानेही खोडलं. तिसरीने तर बाई पोचायच्या आतच रबर चालवलं. पाच मिनिटांत वर्गात एकही बरोबर उत्तर शिल्लक नव्हतं.

"अरे, खोडताय कशाला? बरोबर होतं ना."

"मग विचारलंत कशाला?" मागून कोणीतरी म्हणालं.

आत्याने खडू खाली ठेवला. आमच्या शाळेत 'कसं काढलंस' याचा अर्थ एकच होता, 'चुकलंय', आणि तो तिनेच बावीस वर्षं शिकवला होता.

"बरोबर आलेल्याला मी कधी विचारलंच नाही का रे?" तिने घरी बाबांना विचारलं.

"मला तर तू काहीच न विचारता कान धरायचीस."

शेवटचा तास आला. फळ्यावर नऊ छेद दहा भागिले तीन छेद पाच. आत्या थांबली ती पेन्सिल कुरतडणाऱ्या मुलीपाशी. तिला आम्ही खारूताई म्हणतो. "कसं काढलंस?"

आजूबाजूच्या चौघांनी हातात रबर घेतलं. खारूताईने वहीवर पंजा ठेवला. "मी नाही खोडणार. बरोबर आहे."

"अगं, खोड कोण म्हणतंय? सांग तर."

"सरळच केलं. वर नऊ भागिले तीन, तीन. खाली दहा भागिले पाच, दोन. तीन छेद दोन."

"आणि उलटा कधी केलास?"

"केलाच नाही."

आत्याने 'असं चालत नाही' म्हणायला तोंड उघडलं. पण उत्तर तर तेच होतं. तिने तोंड मिटलं. तेवढ्यात सगळा वर्ग एकदम बोलायला लागला: "चालत नाही." "आलंय की मग." "योगायोग आहे." "दुसरं घालून बघ." कोणीतरी दोन छेद तीन भागिले पाच छेद सात घातलं आणि दोनाला पाचाने भाग कसा जाणार यावरून जुंपली.

"बाई, सांगा ना, चालतं का?"

"मला माहीत नाही," आत्या म्हणाली. "बघा तुम्हीच." घंटा होईपर्यंत भांडण चालू होतं.

गोल आला. बाई नऊ, मुलं सव्वीस, शांतता पाच. "खूऽऽप छान," ताई म्हणाल्या.

"काय आहे बाई, सातवी तुमचीच," सर म्हणाले. "आता नेमकं काय केलंत ते, काय आहे, बाकीच्यांना सांगा."

"काही केलं नाही सर. मला उत्तर येत नव्हतं."

सर हसले. त्यांना तो विनय वाटला.

संध्याकाळी आत्या कागद घेऊन बसली. वर्गात भांडण लागलेलं गणित उलटं करून चौदा छेद पंधरा. खारूताईच्या रीतीने, अपूर्णांकात अपूर्णांक कोंबून, पुन्हा चौदा छेद पंधरा. आणखी तीन गणितं केली, तीच गत.

"का येतं हे?" तिने मला विचारलं.

"मला काय माहीत, आत्या?"

"उद्या वर्ग विचारेल. काय सांगू?"

"माहीत नाही म्हणून सांग."

"तेच दोनदा कसं सांगू गं?"