टबाला लावलेली पिवळी चिठ्ठी

तिसऱ्या टबातून हवा जात नव्हती. जाते, असं मी माझ्या मुलीला सांगितलं. ही चूक नजरेची नव्हती, हाताचीही नव्हती. जाणूनबुजून केलेली होती.

चाकणच्या एका कारखान्यात मी बाहेरून येणारा माल तपासतो. इतकी वर्षं हेच काम केलं. माल पास झाला तर हिरवी चिठ्ठी, नापास झाला तर लाल, आणि ठरत नसेल तर पिवळी. पिवळीचा एक उपयोग मात्र कुठल्या नियमात लिहिलेला नाही. एखादा पुरवठादार नको असतो, पण त्याला तोंडावर नाही म्हणायचं नसतं. मग त्याच्या मालाला पिवळी लावायची. फेरतपासणी, परत फेरतपासणी. माल कोपऱ्यात पडून राहतो आणि शेवटी तो माणूस आपणहून कंटाळून जातो. कुणी कुणाला नाही म्हटलेलं नसतं.

मी माझ्या पोटच्या पोरीला पिवळी चिठ्ठी लावली.

ती आणि जावई मारुंजीला भाड्याने राहतात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती चिंचवडला आमच्याकडे यायची होती. सातव्या महिन्यात एका रविवारी जेवताना तिने सांगून टाकलं.

"बाबा, मला इथे घरीच आणि पाण्यात बाळंत व्हायचंय. डॉक्टरांशी बोलणं झालंय, सगळं नॉर्मल आहे. मिडवाइफ ताई येणार. लागलंच तर हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे."

"पाण्यात म्हणजे?"

"मोठ्या टबात. कोमट पाण्यात कळा सोसायला सोप्या जातात. टब निवडायचं काम तुमचं. तुमच्याइतकं बारीक कोण बघणार?"

मी मान डोलावली. होही म्हटलं नाही आणि नाहीही.

पहिला टब मी नापास केला तो खरोखरच कामाचा नव्हता. लहान मुलांच्या डुंबण्याच्या टबासारखा, उथळ. पाणी पोटावरसुद्धा आलं नसतं. दुसरा फायबरचा, कडक. त्याच्या काठावर मी स्वतःचा हात टेकवून पाहिला, पाच मिनिटांत कोपराला वळ उठला. दोन्ही वेळा मुलगी म्हणाली, "बरं झालं तुम्ही पाहिलंत." माझी बायको मात्र टेप घेऊन गुडघ्यांवर रांगणाऱ्या मला बघून हसत होती. "पोरीच्या टबाला गाडीच्या पार्टचं इन्स्पेक्शन! आता चिठ्ठी पण चिकटवा."

तिसरा टब पुण्यातल्या एका बाईंकडून भाड्याने आला. हवेचे तीन कप्पे वेगवेगळे, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे उभे राहणार. तळ गादीसारखा, बसायला पायरी, आतून धरायला मुठी, प्रत्येक वेळी बदलायचं नवंकोरं अस्तर. मी सकाळी फुगवला, संध्याकाळी उंची मोजली. फरक शून्य. भरलेल्या टबाचं वजन स्लॅब पेलेल का, तेही सोसायटीचं बांधकाम पाहणाऱ्या इंजिनिअरला विचारून घेतलं. पेलेल म्हणाला. आमच्याकडे पाणी दिवसाआड येतं, म्हणून टाकीत किती शिल्लक राहतं त्याचाही हिशेब मांडला. पुरत होतं. नापास करायला काही म्हणजे काही उरलं नाही, तेव्हा मी मुलीला फोन करून सांगितलं, "याच्या व्हॉल्व्हमधून हवा जातेय."

कारण होतं. ही मुलगी झाली त्या दिवशी मी कंपनीत होतो. ओव्हरटाइम नाकारला असता तर चाललं असतं, पण मी नाकारला नाही. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा बायकोला रक्तस्राव सुरू झालेला, आणि नर्सने माझ्या हातात रक्तपेढीतून रक्त आणायची चिठ्ठी देऊन पळायला सांगितलं. मी पळालो. ते पळणं अजून थांबलेलं नाही. पण हे मी आजवर कुणापाशी बोललो नव्हतो. बोलण्याऐवजी व्हॉल्व्हवर ढकललं.

परत पाठवायला टब बांधून ठेवला होता. दुसऱ्याच दिवशी मुलगी दारात उभी.

"कुठून हवा जाते ते दाखवा. त्या बाईंना फोटो पाठवायचाय."

तिने स्वतः पंप लावला. मग न्हाणीघरातून माझा दाढीचा ब्रश आणि मगात साबणाचा फेस घेऊन आली. लहानपणी तिच्या सायकलचं पंक्चर मी असंच शोधून द्यायचो. मी तिन्ही व्हॉल्व्हवर फेस लावला. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. तिला वाकणं जड जात होतं. एक बुडबुडा आला नाही.

"आज दिसत नाहीये," मी म्हणालो. "उन्हाने रबर फुगलं असेल."

स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, "अहो, पुरे."

मुलगी हळूहळू उठली. "बाबा, नको होतं तर नको म्हणायचं ना."

"मी नको कुठे म्हणालो?"

"तेच तर! भांडला असतात तर भांडले असते. खोट्याशी काय भांडू?" तिने जावयांना फोन लावला. "गाडी घेऊन ये. टब न्यायचाय." मग माझ्याकडे न बघता, "मी मारुंजीलाच बाळंत होईन. कळा देताना मला ज्यांच्यावर विश्वास ठेवता येईल, अशीच माणसं जवळ हवीत."

टब गेला. हॉलमध्ये जमिनीवर माझ्या खडूच्या खुणा तेवढ्या राहिल्या. बायको त्या पुसायला बसली.

"माझं रक्त गेलं ते हॉस्पिटलातच ना?" ती म्हणाली.

"हो. म्हणून तर भीती वाटते."

ती पुसायची थांबली. "तुम्ही त्या दिवशी घाबरला होतात?"

"म्हणजे काय!"

"मला वाटलं, ओव्हरटाइम अर्धा टाकून यावं लागलं म्हणून तोंड पाडलंत. इतकी वर्षं मला तेच वाटतंय." तिने फडकं बादलीत पिळलं. "मला सांगितलंत ते झालं. आता तिला सांगा. आणि फोनवर नाही."

गुरुवारी कंपनीला साप्ताहिक सुट्टी. सकाळीच स्कूटर काढली. वाटेत मनात वाक्यं जुळवली, आणि ती सगळी 'पण' या शब्दाने सुरू होत होती. ती एकेक करून टाकून दिली. नुसतं खरं सांगायचं, एवढंच पक्कं केलं.

मारुंजीच्या त्या छोट्या हॉलमध्ये टब फुगवून ठेवलेला होता. सोफा उभा करून भिंतीला लावलेला. दार अर्धंच उघडलं, त्यातून मी अंग चोरून आत शिरलो.

"तपासायला आलात?"

"नाही. विचारायला. तू यात कशी बसणार आहेस ते दाखवशील?"

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग रिकाम्या टबात उतरली, गुडघ्यांवर टेकली, दोन्ही हात काठावर ठेवले आणि त्यांवर हनुवटी. टेप, स्लॅब, टाकी, सगळं मी मोजलं होतं. जिला त्यात बसायचं होतं तिला एकदाही बसवून पाहिलं नव्हतं.

"मुठी तुझ्या हाताच्या मागे येतायत," मी म्हणालो.

"हो ना. कधीपासून काहीतरी चुकतंय असं वाटतंय."

ती बाहेर आली. जावई आतल्या खोलीतून आले आणि आम्ही दोघांनी मिळून टब पाव फेरा फिरवला. तिने परत आत बसून मुठी धरून पाहिल्या. खांदे सैल सुटले. "आता बरोबर आहे."

मी टबाच्या बाहेर, तिच्या समोर जमिनीवर बसलो. आमचे चेहरे एका उंचीला आले.

"हा टब पास आहे," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून पास होता. हवा जात नव्हती, मी खोटं बोललो. आणि साबण लावल्यावर परत खोटं बोललो. तुझ्या जन्माच्या वेळी तुझ्या आईचं खूप रक्त गेलं होतं, मी उशिरा पोचलो होतो. ती भीती तुला सांगायची सोडून मी तुझे दिवस वाया घालवले. इथे बाळंत हो नाहीतर चिंचवडला, तू म्हणशील तिथे पाणी मी भरीन. पण त्याआधी हे. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर."